सहा हजार माणसं, सातशे खुर्च्या

घोडबंदर रोडवरून एका ताईंचं पत्र आलंय. थोडक्यात असं: "मे महिन्यात बार्सिलोनाहून सुटणाऱ्या सात रात्रींच्या क्रूझवर आम्ही आठ जण जाणार आहोत. आम्ही दोघं, मुलं (वय १४ आणि ७), सासू-सासरे, दीर आणि जाऊबाई. जहाज ओअ‍ॅसिस वर्गातलं, कंपनी रॉयल कॅरिबियन, केबिन तीन, बुकिंग नौपाड्यातल्या एजंटकडून. याआधी फक्त मुंबई-गोवा क्रूझ केलीय, तिथे शोला नुसतं जाऊन बसलो होतो. आता सोसायटीतल्या एका कुटुंबाने घाबरवून सोडलंय. म्हणे शोचं बुकिंगच मिळत नाही, लिफ्टसाठी ताटकळावं लागतं, पूलवर खुर्ची नाही, नुसती जत्रा! सासूबाईंचे गुडघे दुखतात. बुकिंग नेमकं कधी आणि कसं करायचं? फुल झालं असेल तर काय? आणि ह्यांचं म्हणणं, जादा पैसे भरून व्हीआयपी पास घेऊन टाकू. घ्यावा का?"

नमस्कार ताई,

शेजाऱ्यांनी खोटं काही सांगितलेलं नाही, पण अर्धंच सांगितलंय. जत्रा असते, ती ठरावीक जागी आणि ठरावीक तासांना. सगळे एकाच वेळी जेवायला, एकाच वेळी थिएटरला आणि मग एकाच वेळी लिफ्टपाशी आले की जागा पुरत नाही. तासाभराने त्याच जागी शुकशुकाट असतो. त्यामुळे दोन-तीन गोष्टी आधी पक्क्या करायच्या आणि बाकी सगळ्यात लोकांच्या तासभर पुढे किंवा मागे राहायचं, एवढंच धोरण ठेवा.

आधी हिशोब बघा, म्हणजे कुठल्या शोसाठी धावपळ करायची आणि कुठल्यासाठी नाही ते कळेल. ओअ‍ॅसिस वर्गातलं पहिलं जहाज २००९ साली आलं. लांबी सुमारे ३६० मीटर, आकारमान सव्वादोन लाख टनांच्या घरात. मुंबईहून सुटणारं एम्प्रेस हे क्रूझ जहाज साधारण ४८ हजार टनांचं, म्हणजे हे त्याच्या साडेचार-पाच पट. केबिनमागे दोघं धरले तरी साडेपाच हजारांच्या आसपास प्रवासी होतात आणि मुलाबाळांसकट केबिन भरल्या की आकडा सहा हजारांवर जातो. आता खुर्च्या मोजा. मुख्य थिएटरात साधारण १,३०० ते १,४००. जहाजाच्या मागच्या टोकाला उघड्यावर असलेलं, पाण्यातल्या कसरतींचं अ‍ॅक्वाथिएटर आणि आत असलेली, बर्फावरच्या स्केटिंगची आइस रिंक, या दोन्हीत प्रत्येकी सातशे ते आठशे. अ‍ॅक्वाथिएटरच्या शोचे आठवड्यात चार प्रयोग धरले तर जेमतेम तीन हजार लोकांची सोय झाली. म्हणजे निम्मं जहाज बाहेर. मोठ्या थिएटरातल्या संगीत नाटकाचे चार प्रयोग झाले तर मात्र पाच-साडेपाच हजार जण बसतात, आणि सगळ्यांनाच ते बघायचं नसतं.

म्हणून क्रम ठरलेला ठेवा: आधी अ‍ॅक्वाथिएटर, मग आइस शो, मग मोठं संगीत नाटक, सगळ्यात शेवटी कॉमेडी. बहुतेक लोक उलटं करतात. नाव ओळखीचं म्हणून आधी मोठं नाटक धरतात आणि तेवढ्यात पाण्याचा शो संपतो. हे सगळे शो तिकिटाच्या पैशांतच येतात, बुकिंगला वेगळा पैसा लागत नाही. कुणी त्याचे पैसे मागितले तर द्यायचे नाहीत.

बुकिंग कधी उघडतं याचं एकच उत्तर नाही. काही फेऱ्यांना कंपनीच्या वेबसाइटवर 'क्रूझ प्लॅनर' नावाच्या भागात ते आधीच सुरू होतं, काहींना जहाजावर चढल्याच्या दिवशीच अ‍ॅपमध्ये. त्यामुळे निघायच्या तीन महिने आधीपासून आठवड्यातून एकदा आणि शेवटच्या महिन्यात रोज एकदा तिथे डोकावायचं. चेक-इन ४५ दिवस आधी उघडतं. त्या दिवशी पासपोर्टची माहिती आणि फोटो भरून जहाजावर चढायची वेळ निवडता येते. लवकरची वेळ पटकन जाते, तेव्हा त्या दिवसाचा गजर लावून ठेवा. बुकिंग जहाजावरच उघडणार असेल तर आधी चढणाऱ्याला आधी मिळतं. लवकरच्या वेळेचा खरा फायदा तोच.

आता घरी बसून करायची कामं. इथेच सगळ्यात जास्त घोटाळे होतात.

एजंटकडून तिन्ही केबिनचे रॉयल कॅरिबियनचे मूळ बुकिंग क्रमांक मागून घ्या. एजंटच्या पावतीवरचा क्रमांक अ‍ॅपला चालत नाही. अ‍ॅपमध्ये क्रमांक, आडनाव आणि निघायची तारीख टाकली की बुकिंग दिसायला हवं. दिसलं नाही तर दहातल्या नऊ वेळा नावाची भानगड असते. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं, ते कधी पहिल्या नावाला चिकटवलेलं असतं, कधी आडनावाच्या जागी जाऊन बसलेलं असतं. ज्येष्ठांच्या जुन्या पासपोर्टवर तर आडनावाचा रकाना कोराही असतो. बुकिंगमधलं नाव पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळवून घ्या. हे काम एजंटचं आहे, आणि ते निघायच्या आठवड्यात काढलं तर कुणीच नीट करत नाही.

मग तिन्ही बुकिंग एकमेकांना जोडायची. जोडलेली असली की एक जण आपल्या फोनवरून आठही नावांवर खूण करून एकदम शो घेऊ शकतो. जोडलेली नसली की तीन फोनवर तीन जण धडपडतात, एकाला सातचा शो मिळतो, दुसऱ्याला नऊचा, आणि आजी-आजोबांच्या केबिनसाठी कुणी घ्यायचं हेच ठरलेलं नसतं. एका माणसाकडे हे खातं सोपवून टाका. जाऊबाई किंवा चौदा वर्षांचा मुलगा, ज्याला फोनचा कंटाळा नाही तो.

अ‍ॅप ठाण्यात असतानाच फोनमध्ये घालून लॉगिन करून ठेवा. समुद्रात भारतीय सिमवर ओटीपी येईल या भरवशावर राहू नका. जहाजावर पाऊल टाकलं की सगळ्यांचे फोन एअरप्लेन मोडवर, मग जहाजाचं वायफाय चालू. इंटरनेटचं पॅकेज घेतलेलं नसलं तरी या वायफायवर जहाजाचं अ‍ॅप चालतं. एअरप्लेन मोड विसरला तर फोन जहाजाच्या स्वतःच्या मोबाइल टॉवरला चिकटतो आणि रोमिंगचं बिल डोळे पांढरे करतं. व्हॉट्सअ‍ॅप मात्र पॅकेजशिवाय चालणार नाही. म्हणून 'चुकलो तर अमुक ठिकाणी' हे पहिल्याच दिवशी ठरवा. पाचव्या डेकवरचा (डेक म्हणजे मजला) रॉयल प्रॉमनाड, म्हणजे दुकानांचा लांबलचक बाजार, सगळ्यांना सापडतो. त्यातलं एक ठरावीक दुकान नक्की करा. नुसतं 'प्रॉमनाडवर' म्हटलंत तर अर्धा तास एकमेकांना शोधाल.

अ‍ॅपमध्ये आणखी एक चकवा आहे. एखादा कार्यक्रम आवडता म्हणून खूण करणं वेगळं आणि तो रिझर्व्ह करणं वेगळं. खूण केलेला कार्यक्रम तुमच्या दिवसाच्या यादीत दिसतो, त्यामुळे बुकिंग झालं असं वाटतं आणि दारावर परत पाठवतात. बुकिंगच्या नोंदीत आठही नावं दिसतायत का, ते उघडून बघा आणि स्क्रीनशॉट काढून ठेवा.

दिवस कसे वाटायचे? बार्सिलोनाचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. तिथला रात्री नऊचा शो म्हणजे तुमच्या शरीराच्या हिशोबाने रात्रीचे साडेबारा. पहिल्या दोन रात्री आजी-आजोबा आणि सात वर्षांचं पोर नऊच्या शोत खुर्चीतच झोपणार. तेव्हा पहिल्या दोन रात्रींना फक्त लवकरचे प्रयोग घ्या, आणि लांबलचक संगीत नाटक चौथ्या रात्रीनंतर ठेवा. पाण्याचा शो मात्र मिळेल त्यातला पहिला घ्या. कारण तो उघड्यावर होतो, कलाकार फार उंचावरून पाण्यात सूर मारतात, आणि वारा सुटला किंवा जहाज हलायला लागलं तर तो सरळ रद्द करतात. पहिला प्रयोग रद्द झाला तर पुढे संधी तरी उरते. शेवटच्या रात्रीचा घेतलात आणि वारा सुटला तर विषय संपला. रद्द झालेल्या शोची नवी वेळ अ‍ॅपमध्ये येते. ती आपोआप आपल्या सोयीची असेल असं नाही, म्हणून लगेच बघायचं.

भूमध्य समुद्रातल्या सात रात्रींत पूर्ण समुद्रातला दिवस बहुधा एकच असतो. त्या दिवशी सहा हजार माणसं एकदम जहाजावर असतात आणि दुपारी पूलवर पाय ठेवायला जागा नसते. त्याच दुपारी आइस शोचा प्रयोग लागलेला असेल तर तो धरा. ऊन, गर्दी आणि खुर्चीची मारामारी तिन्हींतून सुटका. रिंकजवळ चांगलीच थंडी असते, आजींना शाल न्या.

दोन कार्यक्रमांत अर्ध्या तासाचं अंतर ठेवा. मुख्य थिएटर जहाजाच्या पुढच्या टोकाला आणि मोठी भोजनगृहं मागच्या टोकाला आहेत. गुडघे दुखणाऱ्या माणसाला दीड-दोनशे मीटर गर्दीतून चालत जायला पंधरा मिनिटं सहज लागतात.

बुकिंग झालं म्हणजे खुर्ची मिळाली असं नाही, हे नीट लक्षात घ्या. गडकरी रंगायतनला तिकिटावर रांग आणि क्रमांक छापलेला असतो, नांदी सुरू झाल्यावर गेलात तरी तुमची खुर्ची तुमचीच. इथे फक्त आत येण्याचा हक्क मिळतो, बसायचं जिथे जागा दिसेल तिथे. दारं साधारण पाऊण तास आधी उघडतात. शो सुरू व्हायला दहा-पंधरा मिनिटं उरली की न आलेल्यांच्या जागा बाहेर उभ्या असलेल्या बिनबुकिंगवाल्यांना देऊन टाकतात. त्यानंतर तुम्ही पोचलात आणि स्क्रीनशॉट दाखवलात तरी वाद घालण्यात अर्थ नाही. आठ जणांना एकत्र बसायचं असेल तर किमान अर्धा तास आधी, सगळे मिळून पोचा. दोघांनी पुढे जाऊन पर्सा आणि स्वेटर टाकून आठ जागा धरायच्या हा आपला जुना धंदा तिथे चालत नाही. कर्मचारी उठवतात, नाही उठवलं तरी मागच्या रांगेतला जर्मन आजोबा उठवतो. चार-चार जणांच्या दोन रांगांत पुढे-मागे बसलात तर जागा लवकर मिळते आणि पोरंही ताब्यात राहतात. अ‍ॅक्वाथिएटरच्या पहिल्या काही रांगांत पाणी उडतं. त्या रिकाम्या दिसतात त्याचं कारण तेच.

आता बुकिंग फुल झालं असेल तर. पहिला उपाय म्हणजे पुन्हा पुन्हा बघणं. लोक बेत बदलतात, वेळा सोडतात आणि त्या जागा अ‍ॅपमध्ये परत येतात. शोच्या दिवशी सकाळी नाश्त्याच्या वेळी आणि मग सुरू होण्याआधी तासभर, या दोन वेळा बघाच. आठ एकदम मिळणार नाहीत. दोन-दोन करून घ्यायची तयारी ठेवा. तुमचाही बेत बदलला तर बुकिंग सोडून द्या. अडवून ठेवलेल्या जागांमुळेच फुल दिसणाऱ्या शोत शंभर खुर्च्या रिकाम्या राहतात.

दुसरा उपाय स्टँडबायची, म्हणजे बिनबुकिंगवाल्यांची रांग. शोच्या चाळीस मिनिटं आधी जाऊन उभं राहायचं. मुख्य थिएटरला या रांगेतून बहुतेक वेळा आत जाता येतं, अ‍ॅक्वाथिएटरला बऱ्याचदा, आइस रिंकला सगळ्यात कमी, कारण ती चारी बाजूंनी बंद. रांगेत तरणी मंडळी उभी करा, आजी-आजोबांना नाही. त्यांच्या नावावर पक्कं बुकिंग हवंच. जागा कमी मिळाल्या तर आधी त्या दोघांना आणि त्यांच्यासोबत एकाला द्यायच्या, उरलेल्यांनी दुसऱ्या रात्री रांग लावायची. अ‍ॅपमध्ये काहीच सुधरत नसेल तर पहिल्याच दुपारी गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर जा. संध्याकाळी तिथली रांग शोच्या रांगेपेक्षा मोठी होते.

सासू-सासऱ्यांना काय दाखवायचं यावर आमचं मत स्पष्ट आहे. आइस शो आणि पाण्याचा शो यांना भाषा लागत नाही. दोन्ही साधारण पाऊण-एक तासाचे, कसरती बघून ते खूश होतील. संगीत नाटक इंग्रजीत, दीड-दोन तासांचं. गाणी आणि नेपथ्य बघायला आवडत असेल तर न्या, पण मध्येच उठायची मुभा ठेवून कडेची खुर्ची घ्या. स्टँड-अप कॉमेडी सोडून द्या. अमेरिकन राजकारण आणि नवरा-बायकोच्या विनोदांचा वेग आपल्यालाच झेपत नाही, आणि रात्रीचे प्रयोग फक्त प्रौढांसाठी असतात, म्हणजे मुलांचाही प्रश्न नाही.

पायऱ्यांचं बघा. मुख्य थिएटरची बाल्कनी आणि अ‍ॅक्वाथिएटर दोन्हीकडे उंच, लागोपाठ पायऱ्या आहेत. दारावरच्या कर्मचाऱ्याला 'नो स्टेअर्स' एवढं सांगितलं तरी तो बिनपायऱ्यांची रांग दाखवतो, फक्त आधी पोचायला हवं. सासूबाईंना लांब चालणं जमत नसेल तर घडीची व्हीलचेअर ठाण्यातूनच भाड्याने घेऊन न्या. जहाजावरच्या व्हीलचेअर चढता-उतरताना मदतीला मिळतात, आठवडाभर वापरायला नाही. थिएटरात व्हीलचेअरच्या जागा मोजक्या असतात आणि शेजारी एखाद-दुसऱ्याच माणसाला बसता येतं. तिथे कोण बसणार ते केबिनमध्येच ठरवा, दारात चर्चा नको.

लिफ्ट. ओअ‍ॅसिस वर्गात लिफ्टचे दोन गट आहेत, एक पुढे आणि एक मागे. मुख्य शो सुटला की हजारभर माणसं चौथ्या-पाचव्या डेकवरून पुढच्याच गटाकडे जातात. त्याच वेळी वरून जेवायला उतरणारे असतात, आणि प्रत्येक लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबते. उपाय दोन. शो संपल्यावर दहा मिनिटं खुर्चीतच बसून राहा. किंवा पाचव्या डेकवरून प्रॉमनाड पार करून मागच्या लिफ्ट धरा, त्या वेळी तिथे बरीच कमी माणसं असतात. वर जायचं असून वरची लिफ्ट भरूनच येत असेल तर खाली जाणाऱ्या लिफ्टमध्ये शिरा. ती तळाला जाऊन वर येते तेव्हा तुम्ही आत असता. एक-दोन डेकसाठी तरण्यांनी जिनाच वापरावा. केबिन अजून ठरायच्या असतील तर आजी-आजोबांची लिफ्टच्या लॉबीजवळ मागून घ्या, समुद्राच्या दृश्यापेक्षा ते जास्त कामाचं.

पहिल्या दिवसाबद्दल वेगळं सांगायला हवं. चढल्यावर सगळे सोळाव्या डेकवरच्या विंडजॅमर या बुफेकडे धावतात, कारण केबिन साधारण एकनंतर मिळतात आणि हातात सामान असतं. तुम्ही आठव्या डेकवरच्या सेंट्रल पार्कमधल्या पार्क कॅफेत जा, तेही फुकटच आहे. तिथलं नावाजलेलं सँडविच मात्र बीफचं असतं, आजींच्या ताटात चुकून यायला नको. सूप आणि सॅलड घ्या. पोरांना प्रॉमनाडवर सोरेंटोजचा पिझ्झा. जेवण्याच्याही आधी सुरक्षेची कवायत उरका: अ‍ॅपवर व्हिडिओ बघायचा आणि मग कार्डावर लिहिलेल्या आपल्या जमायच्या ठिकाणी प्रत्यक्ष जाऊन नोंद करायची. ती प्रत्येकाला सक्तीची आहे. दुपारी बारा-एकला पाच मिनिटांत होते, जहाज सुटायच्या आधीच्या तासात तिथे रांगा लागतात. आणि त्याच दुपारी धाकट्याचं नाव अ‍ॅडव्हेंचर ओशनमध्ये नोंदवा. लहान मुलांसाठीची ती जागा फुकट आहे. मोठं नाटक त्याला कंटाळवाणं झालं तर तो तिथे रमेल.

रात्रीच्या जेवणाला ठरलेली वेळ आणि 'माय टाइम', म्हणजे आपण निवडू ती वेळ, असे दोन प्रकार असतात. ठरलेल्यातली पहिली पंगत साडेपाचच्या आसपास, म्हणजे बंदरावरून धापा टाकत परत येऊन चहाच्या वेळी जेवायला बसायचं. दुसरी आठच्या आसपास, ती शोवर आदळते. तुमच्यासाठी माय टाइम बरं. पण त्यातही सातही रात्रींची साधारण पावणेसातची वेळ आठ जणांसाठी आधीच घेऊन ठेवा, आणि पहिल्या दोन रात्री शो लवकरचा असेल तर जेवण त्याच्यानंतर. बुकिंगशिवाय साडेसहा ते साडेसातमध्ये आठ जणांचं टेबल मागितलंत तर उभं ठेवतील. पहिल्या रात्रीच वेटरला सांगा की रोज हेच टेबल हवंय आणि अमुक जण शाकाहारी आहेत. आदल्या रात्री सांगितलं तर दुसऱ्या दिवशी भारतीय शाकाहारी जेवण करून देतात. जैन किंवा बिनकांदा-लसणाचं हवं असेल तर ते एजंटमार्फत आत्ताच कळवा. तीन पदार्थांचं जेवण सव्वा ते दीड तास चालतं. शो नऊचा असेल तर गोड खाऊन निवांत पोचाल, आठचा असेल तर वेटरला बसतानाच सांगायचं, म्हणजे तो पटापट आणतो.

आता जो मुद्दा फारसं कुणी सांगत नाही तो. भूमध्य समुद्रातल्या क्रूझवर जवळपास रोज एक बंदर असतं, आणि बंदराच्या दिवशी सकाळी नऊ ते दुपारी चार जहाज ओस पडतं. रोमसाठी जहाज चिविटावेकियाला लागतं, तिथून शहर सत्तर-ऐंशी किलोमीटर दूर. जाऊन-येऊन तीन तास बसमध्ये, वर रोमच्या दगडी रस्त्यांवर उन्हात चालणं. सासूबाईंच्या गुडघ्यांना हा दिवस झेपणार नाही. त्या दिवशी त्या, सासरे आणि एक जण जहाजावरच राहा. घसरगुंड्यांना रांग नाही, गरम पाण्याचे जकुझी रिकामे, सेंट्रल पार्कमध्ये झाडांखाली बाकं मोकळी, लिफ्ट बटण दाबताच हजर. धाकटाही बहुतेक हट्टाने थांबेल, त्याला रोमपेक्षा घसरगुंडीत रस असतो. नेपल्सला मात्र जहाज शहराला लागूनच उभं राहतं, तिथे आजींना तासाभरासाठी खाली उतरवून कॉफी पाजून परत आणता येतं.

बंदरावर उतरताना पहिला अर्धा-पाऊण तास सहलींचे गट बाहेर पडतात. स्वतःच फिरणार असाल तर तेवढा वेळ नाश्ता करत बसा. परतताना शेवटच्या तासात सगळे एकदम येतात आणि सुरक्षा तपासणीची रांग धक्क्यावर उन्हात उभी असते. तासभर आधी परत आलात तर सरळ आत, अंघोळ करून ताजेतवाने, आणि संध्याकाळच्या शोला इतर लोक धावत येत असताना तुम्ही जागेवर बसलेले. जहाज सुटण्याच्या वेळेआधी किती वाजता आत यायचं ते रोजच्या कार्यक्रमात दिलेलं असतं. वेळ तीच पाळायची, सुटायची नाही.

पूलच्या खुर्च्यांवर सकाळी सातपासून टॉवेल टाकून लोक नाश्त्याला जातात. नियमाप्रमाणे ते उचलायला हवेत, रोज उचलतातच असं नाही. भांडत बसू नका. समुद्रातल्या दिवशी सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर जा. पुढच्या टोकाचं सोलॅरियम, म्हणजे उन्हात पहुडायची शांत जागा, सोळा वर्षांवरच्यांसाठीच आहे, आजी-आजोबांना तिथे सोडा.

राहता राहिला तो पास. रॉयल कॅरिबियनवर त्याला 'द की' म्हणतात. लवकर प्रवेश, शोमध्ये राखीव भाग, इंटरनेट वगैरे त्यात येतं. किंमत माणशी आणि दिवसाच्या हिशोबाने लागते आणि अगदी लहान मुलं सोडली तर केबिनमधल्या सगळ्यांना घ्यावा लागतो. म्हणजे एकट्या सासूबाईंसाठी घेता येत नाही, आठ जणांचं सात दिवसांचं गणित मांडून बघा, तुमच्या यजमानांना उत्तर तिथेच मिळेल. तुम्हाला सगळ्यांना इंटरनेट पॅकेज तसंही घ्यायचंच असेल तर दोन्ही किमती शेजारी ठेवून फरक काढा. फरक थोडा असेल तर फक्त सासू-सासऱ्यांच्या केबिनसाठी घ्यावा. आठ जणांसाठी घेऊ नये. मुख्य तीन शोंचं बुकिंग वेळेत झालं की राखीव भागातली खुर्ची आणि तुमची खुर्ची यांत चार रांगांचाच फरक उरतो.

एजंटला फोन कराल तेव्हा एवढं विचारून घ्या: तीन मूळ बुकिंग क्रमांक, तिन्ही जोडलेली आहेत का, जेवणाचा कुठला प्रकार टाकलाय, नावं पासपोर्टप्रमाणे आहेत का, आणि आजी-आजोबांच्या केबिनचा क्रमांक. शोचं बुकिंग 'आम्ही करून देतो' असं तो म्हणाला तरी कुठल्या तारखेला, किती वाजताचा, कुणाच्या नावावर ते लेखी मागा. ग्रुप टूरवाले कधी कधी सगळ्या चाळीस जणांना एकाच रात्री, उशिराच्या प्रयोगाला बसवतात.